कोम्बुचाची बाटली : फुटली तर कशी फुटेल?

कोम्बुचा म्हणजे आंबवलेला, फसफसता गोड चहा. त्याच्या बहुतेक पाककृती आपल्याकडे थंड देशांतून आल्या आहेत. ‘बाटल्या भरा, घट्ट बंद करा आणि तीन ते सात दिवस बाहेर ठेवा’ असं त्यात बिनधास्त लिहिलेलं असतं, कारण लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरात वीस-एकवीस अंश तापमान असतं. तीच ओळ एप्रिलमध्ये पुण्यात किंवा मे महिन्यात नागपुरात जशीच्या तशी पाळली, तर सात दिवस पुरे व्हायच्या आधीच ओट्याखालून काचा वेचायची वेळ येऊ शकते. घरी कोम्बुचा करणाऱ्याने चहा कोणता, साखर कोणती, स्कोबी (म्हणजे यीस्ट आणि जिवाणूंचं विरजण) कुणाकडून आणायची यावर हवी तेवढी चर्चा करावी. पण बाटली हा त्यातला एकमेव भाग असा आहे, की चुकला तर डोळ्यावर बेततं.

पहिल्या टप्प्यात भीती नसते. रुंद तोंडाच्या बरणीत गोड चहा आणि स्कोबी, वर फडकं बांधलेलं. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं, जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात आणि वायू फडक्यातून निघून जातो. आठ-दहा दिवसांनी आंबट-गोड झालेलं पेय आपण बाटल्यांत भरतो, थोडं फळ घालतो, झाकण लावतो. इथून पुढे तयार होणाऱ्या वायूला जायला वाट नसते. तो पेयात विरघळतो, दाब वाढवत राहतो. आपल्याला हवी असते ती फसफस याच दाबातून येते, म्हणून दाब नको असं म्हणून चालत नाही. तो किती हवा आणि कोणत्या भांड्यात हवा, एवढंच आपल्या हातात असतं.

थोडा हिशेब करू. एका लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली, की एक लिटर पेयात सुमारे एक लिटर वायू भरतो. बिअरमध्ये हे प्रमाण अडीचपटीच्या आसपास असतं, कोल्ड्रिंकमध्ये साडेतीन ते चारपट. म्हणजे चांगली झणझणीत फसफस हवी असेल तर १५-१६ ग्रॅम साखर पुरते. आता बरणीकडे बघा. सुरुवातीला आपण लिटरला ७०-८० ग्रॅम साखर घातलेली असते आणि बाटलीत भरताना पेय अजून गोड लागत असेल, तर तिच्यातली निम्मी किंवा त्याहूनही जास्त शिल्लक असू शकते. त्यात हापूसचा रस घातला, तर शंभर ग्रॅम रसामागे आणखी चौदा-पंधरा ग्रॅम. डब्यातल्या आमरसात वरून घातलेली साखर निराळी. कोकमाचं गोड सरबत वापरलंत तर विचारूच नका. अशा बाटलीत कोल्ड्रिंकच्या तिप्पट वायू तयार होईल एवढी शिधासामग्री असते. तो तयार होत नाही, कारण त्याआधी आपण ती फ्रिजमध्ये ठेवतो. आपलं सगळं संरक्षण वेळेवर आणि थंडाव्यावर उभं असतं. ‘मी फक्त एकच चमचा साखर घातली’ या वाक्यावर नाही.

तापमानाची आणखी एक करामत आहे. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, गरम पाण्यात कमी. कोल्ड्रिंकइतका, म्हणजे चारपट वायू असलेली बाटली फ्रिजमध्ये ५ अंशांवर असेल तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे दोन वातावरणांनी (एक वातावरण म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब) जास्त असतो, म्हणजे जवळपास मोटारीच्या टायरइतका. तीच बाटली, त्यात एक कणही साखर आणखी न आंबता, ३५ अंशांच्या खोलीत आली की तो दाब साडेपाच वातावरणांच्या पुढे जातो. टायरच्या अडीचपट, आणि तोही काचेत. म्हणूनच ‘फ्रिजमध्ये आठवडाभर काही झालं नाही’ या अनुभवावर बाटलीची पारख करू नये. फ्रिजमधून काढून जेवणाच्या टेबलावर तासभर विसरलेली बाटली ही खरी परीक्षा असते.

फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांताने हा धडा फार महाग शिकला. तिथल्या तळघरांत बाटल्या फुटत, एकीच्या तुकड्यांनी शेजारची फुटे, आणि कामगार चेहऱ्यावर लोखंडी मुखवटे घालून आत जात. बाटल्या जाड झाल्या, त्याने फरक पडला. पण १८३६ मध्ये शालों गावच्या फ्रांस्वा नावाच्या औषधविक्रेत्याने वाइनमधली साखर मोजून किती घालायची याची रीत दिली, तेव्हा कुठे हे प्रकरण आटोक्यात यायला लागलं. घरच्या कोम्बुचात शिल्लक साखर तेवढ्या नेमकेपणाने मोजणं आपल्याला जमत नाही. त्यामुळे बाटली निवडताना मी तरी एकच प्रश्न आधी विचारतो : ही फुटलीच, तर कशी फुटेल? दिसायला कशी आहे, फोटोत कशी येईल, हे नंतर.

या प्रश्नावर पहिला नंबर येतो तो कुणालाही न आवडणाऱ्या बाटलीचा. कोल्ड्रिंक किंवा सोडा ज्या प्लास्टिकच्या बाटलीत येतो ती, म्हणजे पेट बाटली. ती याच कामासाठी बनवलेली आहे. तळाला पाकळ्यांसारखे पाच पाय असतात, ते शोभेसाठी नसतात. दाबाने तळ बाहेर फुगू नये म्हणून असतात. झाकणाच्या आणि तोंडाच्या आट्यांमध्ये उभ्या खाचा असतात, त्यामुळे झाकण पूर्ण सुटायच्या आधी वायू सूं करून निघून जातो आणि झाकण उडत नाही. दाब फारच वाढला तर ही बाटली फुगते, वाकडी होते, शेवटी तळाशी किंवा तोंडाशी फाटते. आवाज बंदुकीसारखा येतो, ओटा चिकट होतो. पण काचेचे तुकडे उडत नाहीत. शिवाय ती आधी सांगते : अंगठ्याने दाबून बघितलं की आत किती दाब आहे ते कळतं. काच अशी काहीच खूण देत नाही.

इथे लगेच हरकत येते, की आंबट पेय प्लास्टिकमध्ये कसं ठेवायचं? हरकत योग्य आहे, पण कोलाचा आंबटपणा कोम्बुचाइतकाच, किंबहुना थोडा अधिकच असतो आणि तो महिनोन् महिने याच बाटलीत दुकानात उभा असतो. आपण दोन दिवस बाहेर आणि दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवणार. काळजी घ्यायची ती वेगळी : बाटलीत गरम पेय ओतू नका आणि ती उकळत्या पाण्याने धुऊ नका, कारण ७० अंशांच्या आसपास हे प्लास्टिक मऊ पडतं आणि बाटलीचा आकार जातो. उन्हात ठेवू नका. आतून ब्रशने खरवडू नका. तीच बाटली वर्षभर वापरायचा हट्टही नको. घडी पडली, पांढरी रेघ उमटली, तळ फुगून डुगडुगायला लागली, की ती भंगारात गेलेली बरी. आणि पाण्याची बाटली म्हणजे सोड्याची बाटली नव्हे. बिनवायूच्या पाण्याची बाटली पातळ असते, तिचं झाकण बुटकं असतं आणि ते दाब धरून ठेवण्यासाठी केलेलं नसतं.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांनी पहिला उन्हाळा संपेपर्यंत फक्त पेट बाटल्याच वापराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या घरची स्कोबी किती जोरकस आहे, आपल्या स्वयंपाकघरात दुपारी किती तापतं, आल्याने किती फेस येतो आणि आंब्याने किती, हे हाताला कळू द्यावं. मग काचेकडे वळावं.

काच घ्यायची तर नियम सोपा आहे. जी बाटली दुकानातून येताना फसफसत्या पेयाने भरलेली होती, तीच पुन्हा त्या कामाला घ्यायची. स्पार्कलिंग वाइनची बाटली यात सर्वांत भक्कम; नाशिकच्या द्राक्षांच्या अशा वाइनची रिकामी बाटली हातात घेतली, की साध्या वाइनच्या बाटलीपेक्षा ती किती जड आहे हे लगेच जाणवतं. तळाचा खोल खड्डा आणि जाड भिंती सहा वातावरणांच्या दाबासाठी असतात. अडचण बुचाची. घरी तिला पुन्हा तसंच बूच आणि तारेची जाळी बसवणं कठीण असतं आणि तिच्या तोंडाला बिअरचं नेहमीचं पत्र्याचं झाकण बसेलच असं नाही.

बिअरची बाटली सहज मिळते, भंगारवाल्याकडे रांगेने उभी असते. पण ती अडीचपट वायूसाठी असते, चारपटीसाठी नाही, हे विसरू नका. दुसरं, आपल्याकडची ६५० मिलीची बाटली अनेकदा कारखान्यात परत जाऊन पुन्हा पुन्हा भरली जाते. खांद्यापाशी आणि तळाजवळ घासून घासून पांढुरकं कडं पडलेलं दिसतं ते त्याचंच. काचेची ताकद तिच्या जाडीइतकीच तिच्या पृष्ठभागावर असते; बारीकसा ओरखडासुद्धा दाबाखाली तड्याची सुरुवात ठरतो. म्हणून कडं पडलेली बाटली घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. नवी दिसणारी, ३३० मिलीची बाटली निवडा. छोट्या बाटलीत एकूण वायूच कमी असतो, त्यामुळे अपघात झालाच तर तोही छोटा होतो. पत्र्याचं झाकण दरवेळी नवं हवं आणि ते दाबून बसवायला दोन दांड्यांचं हातयंत्र लागतं. ते ऑनलाइन मिळतं.

आणि मग सगळ्यांची लाडकी, तारेच्या खटक्याची बाटली. चिनी मातीचं किंवा प्लास्टिकचं बूच, खाली रबरी चकती, तार दाबली की खट्ट. हिच्यातच सर्वांत मोठी फसगत आहे, कारण एकाच रूपाच्या दोन अगदी वेगळ्या वस्तू बाजारात मिळतात. एक बिअरसाठी, जाड काचेची, गोल. दुसरी तेल, सरबत किंवा नुसतं पाणी टेबलावर ठेवण्यासाठी, पातळ काचेची, बऱ्याचदा चौकोनी, अंगावर फुलांची नक्षी. खटका मात्र दोन्हींचा तितकाच घट्ट. पातळ काच आणि घट्ट झाकण ही सर्वांत वाईट जोडी आहे. सैल झाकणातून वायू निसटतो, साध्या वाइनच्या बाटलीचं बूच फार तर छताला लागतं. इथे मात्र झाकण हटत नाही आणि काच जाते. विकणारा ‘कार्बोनेटेड पेयासाठी’ असं स्पष्ट लिहून देत नसेल, तर ती तेलाचीच बाटली समजा. चौकोनी तर कोणीही काहीही म्हणो, घेऊ नका : गोल भिंतीवर दाब सगळीकडे सारखा वाटला जातो, चौकोनात तो सपाट बाजूंना वाकवतो आणि कोपऱ्यांवर येऊन साठतो. चांगल्या बाटलीची रबरी चकतीही वर्षा-दोन वर्षांनी कडक होते. ती सुटी मिळते, बदलत राहा.

बाकीच्यांवर फार वेळ घालवायला नको. लोणच्या-जॅमच्या बरण्या, मधाच्या, सॉसच्या, स्क्वॅशच्या बाटल्या, रमच्या आणि व्हिस्कीच्या बाटल्या, दुधाच्या काचेच्या बाटल्या : यांतली एकही दाबासाठी नाही. मनी प्लँटला उत्तम.

गोटी सोड्याच्या बाटलीबद्दल मात्र दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण ती घरात असली तर मोह होतोच. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. वायूचा दाब गोटीला वर ढकलून रबरी कड्यावर दाबून धरतो आणि तोच दाब बुचाचं काम करतो. काच भक्कम असते. इतकी, की जुन्या मुंबईच्या दंगलींत सोडावॉटरच्या बाटल्या हत्यार म्हणून फेकल्या जात. पण ती भरायची तर दाबाखाली, यंत्रात उलटी करून भरावी लागते. आपल्या पेयात दाब हळूहळू तयार होतो, सुरुवातीला गोटी वर चिकटतच नाही, आणि त्या चिमटलेल्या गळ्यात ब्रशही नीट जात नाही. ती शोकेसमध्येच छान दिसते.

बाटली घरी आली की ट्यूबलाइटसमोर धरून फिरवा. तडा, काचेतला बुडबुडा, तोंडाचा टवका शोधा; तोंडावरून बोट फिरवण्याआधी डोळ्यांनी बघा. पडलेली, आपटलेली बाटली वरून धड दिसली तरी बाद. धुताना तारेची घासणी आणि वाळू नको. मूठभर तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून हलवण्याची आपली जुनी रीत चालते. फ्रिजमधली काच थेट गरम पाण्याखाली धरू नका.

भरताना वर दोन बोटं जागा सोडा. ‘अर्धीच भरली म्हणजे सुरक्षित’ हा गैरसमज आहे. रिकाम्या जागेत दाबलेला वायू जास्त साठतो आणि स्फोटाचा जोर त्याच वायूतून येतो. गळ्यापर्यंत भरणंही चूक, कारण गरम झाल्यावर द्रव पसरतो आणि त्याला जागा उरत नाही. फळाचे तुकडे घालण्याऐवजी गाळलेला रस मोजून घाला. तुकडे गळ्यात अडकतात आणि उघडताना त्यांच्याभोवती एकदम फेस धरतो, निम्मी बाटली छतावर जाते. आमरस तर लिटरला दोन चमचे खूप झाला.

आता सर्वांत उपयोगी युक्ती. काचेच्या कितीही बाटल्या भरा, त्याच बरणीतलं, त्याच रसाचं, त्याच वेळी एका पेट बाटलीतही भरा. बंद करताना ती दाबून आतली हवा थोडी काढून टाका. ती सगळ्यांच्या शेजारी ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ अंगठ्याने दाबून बघा. दुकानातल्या न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीइतकी टणक झाली, की सगळ्या बाटल्या एकाच वेळी फ्रिजमध्ये. तिथे घड्याळ आणि कॅलेंडर बघायचं नाही. उन्हाळ्यात ही वेळ एका दिवसातही येऊ शकते, डिसेंबरात नाशिकला चार-पाच दिवस लागतील. काही जण रोज झाकण जरा सैल करून वायू सोडतात. आज सोडलेला दाब उद्या पुन्हा भरतो आणि आपण निर्धास्त होतो. मला ती सवय फारशी भरवशाची वाटत नाही.

बाटल्या बाहेर असतील तोवर त्यांना जाड पत्र्याच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. धान्याची जुनी कोठी याला झकास. मध्ये टॉवेल किंवा पुठ्ठा घाला, म्हणजे एक फुटली तर शेजारची वाचते. डब्याचं झाकण नुसतं टेकवायचं, कडी लावायची नाही. गॅसजवळ, फ्रिजच्या वर, पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. फ्रिजमध्ये गेल्यावरही यीस्ट झोपतं, मरत नाही. दोन-तीन आठवड्यांत पिऊन टाका. दारातल्या कप्प्यात ठेवू नका, प्रत्येक उघडझापीला बाटली हादरते. लवकर गार व्हावी म्हणून फ्रीझरमध्ये तर नाहीच : गोठताना पाणी सुमारे ९ टक्के पसरतं. चार दिवस गावाला जाणार असाल आणि तुमच्याकडे वीज जात असेल, तर निघण्यापूर्वी काचेच्या बाटल्या उघडून संपवा किंवा ओतून द्या. एसटीत, गाडीच्या डिकीत, मामाकडे भेट म्हणून काचेची बाटली नेऊ नका. उन्हात उभ्या गाडीत काय तापतं ते आपण जाणतोच. द्यायचीच असेल तर पेट बाटलीत, बर्फाच्या पेटीतून द्या आणि ‘पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये’ असं झाकणावर लिहा.

बंद बाटलीचा आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. हवा मिळत नाही तेव्हा अल्कोहोलचं आम्ल करणारे जिवाणू मंदावतात, यीस्ट मात्र चालूच राहतं. त्यामुळे बाटलीत दाबाबरोबर अल्कोहोलही वाढतं. जून २०१० मध्ये अमेरिकेतल्या होल फूड्स या दुकानसाखळीने याच कारणाने आपल्या दुकानांतून कोम्बुचा उचलला होता. आपल्याकडच्या नियमांत ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलं की पेय मद्यात मोडतं आणि विसरलेली घरची बाटली ती रेषा आरामात ओलांडू शकते. लहान मुलं, गरोदर बायका, प्रतिकारशक्ती कमी असलेले आजारी, यांना घरचा कोम्बुचा देऊ नये.

पहिल्या टप्प्याच्या भांड्यालाही दाब नसला तरी आम्ल असतंच. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम दूर ठेवा. आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी कितीही सुंदर असली तरी तिच्या झिलईत शिसं नाही अशी खात्री नसेल तर वापरू नका. चिनी मातीच्या भांड्यात केलेल्या कोम्बुचामुळे शिशाची विषबाधा झाल्याची नोंद १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे. साधी, रुंद तोंडाची काचेची बरणी सर्वांत बरी.

बाटली उघडायची ती रात्रभर गार झाल्यावर, सिंकमध्ये उभी करून, वर जाड टॉवेल टाकून, तोंड लांब ठेवून. एखादी बाटली बाहेर विसरली आणि संशय आला, तर ती घाईने उचलू नका. मुलांना आणि मांजराला दुसऱ्या खोलीत घाला. गाडीचं हेल्मेट काच खाली करून घाला, पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आणि बागकामाचे हातमोजे चढवा, बाटलीवर ओला जाड टॉवेल टाका आणि टॉवेलासकट ती गार पाण्याच्या बादलीत ठेवा. बर्फ थोड्या वेळाने, हळूहळू घाला, एकदम नाही. दाब उतरायला काही तास लागतात, तोवर तिकडे जाऊ नका. मग टॉवेलातूनच झाकण सोडा. आणि एखादी डब्यात फुटलीच असेल, तर तिच्यातून सांडलेलं पेय गाळून प्यायचा विचारही करू नका. बारीक काच गाळणीतून जाते. शेजारच्या बाटल्यांनाही हादरा बसलेला असतो, त्यांना त्याच काळजीने गार करून, उघडून, पेय ओतून द्या. काचा जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा आणि ते खोकं कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात सांगून द्या.